हॉर्नला अर्थ नाही

१० नोव्हेंबर, रविवार

योगिनी, आधी चष्मा शोध. डोक्यावर असेल. नसला तर फ्रिजमध्ये बघ, मागच्या खेपेला तिथंच सापडला होता.

सापडला? मग ऐक. ही वही तूच दिलीस मला दिवाळीत, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली. साल संपायला आलं तेव्हा दिलीस, म्हणजे निम्म्याहून जास्त पानं आधीच वाया. "आई, तू सांगत जा, वहिनी लिहील," म्हणालीस. विसरलीस ना? जावईबापूंना निफाडच्या रसवंतीवर बसवून एकटीच घरी पोचणारी तू, वही कशाला लक्षात ठेवशील. मला लिहायला येत नाही, पण विसरायलाही येत नाही.

तर मी सांगते आणि हर्षाली लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. सून शिकलेली आहे, चालायचंच. आता हसतेय. 'हसतेय' असंही लिही म्हटलं. लिहिलं की नाही देव जाणे, मला कुठं वाचता येतंय.

काल कारभाऱ्यांनी नाशकात द्वारकेच्या चौकात गाडी रिक्षाला घासली. माणसांना काही झालं नाही, रिक्षालाही नाही. आपल्या गाडीच्या मडगार्डाला पोचा आला, आणि यांच्या तोंडाला.

गाडी म्हणजे तीच, माझी हिरवी सवत. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला टेकलेली विलायती गाडी. देवळालीच्या पारशीबाबांच्या बंगल्यावर हे दर शुक्रवारी गुलाब पोचवायचे. बाबा बंगला आवरून लेकाकडे मुंबईला निघाले तेव्हा ही यांच्या गळ्यात घालून गेले. "शर्यतीची गाडी आहे कारभारी, हिला म्हातारी होऊ देऊ नको." नाही झाली ती. आम्हीच झालो.

हिच्या पोटात दोन भोंगे आहेत, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. दोन्ही एकदम वाजले की कसं गोड लागायचं, तुला आठवत असेल. म्हणजे नसेलच. फुलं बाजारात देऊन परत येताना पाटाच्या वळणावर हे दोनदा वाजवायचे, म्हणजे चहा ठेव. तीनदा वाजवला तर सोबत पाहुणा आहे, एक कप वाढव. तुझ्या भावानं, रविराजनं, दसऱ्याला हौसेनं गाडीला नवा रंग दिला. रंगरंगोटी करून आली आणि तिचा आवाजच बसला. आता वळणावर काही वाजत नाही. हे दारात येऊन उभे राहतात आणि चुलीवर आधण नाही म्हणून माझ्याकडे बघतात.

द्वारकेचं म्हणशील तर हे सांगतात, "मी हॉर्न दिला, पण शेळीच्या करडासारखा म्यँ केला त्यानं. रिक्षावाल्याला काय ऐकू जानार?" मागून मोटारसायकलवर रविराज येत होता. तो म्हणतो, "आप्पा, तुमच्या मागं टेम्पो किंचाळत होता कधीचा, तुम्ही सरकलाच नाहीत!" मी म्हटलं, हे आजवर कुणासाठी सरकलेत, ते टेम्पोसाठी सरकतील?

पण रविराज हसला नाही. गंगापूर रोडच्या कुणा लॉन्सवाल्याला ही गाडी हवी आहे म्हणे. दारातल्या कमानीखाली चाकाखाली विटा लावून उभी करायची आणि नवरा-नवरींनी तीत बसून फोटो काढायचे. रविराज म्हणाला, "दोन रविवार देतो. हॉर्न नीट झाला तर गाडी आपली. नाही तर त्याला देऊन टाकतो. तुम्हाला द्वारकेवरून उचलून आणायचं माझ्यानं होणार नाही."

कारभारी धड जेवले नाहीत. पापडाचा तुकडा चावला आणि ताट सरकवलं. "योगीचे पापड सादळलेत," एवढंच म्हणाले.

ऐकलंस ना? या खेपेचे नागलीचे पापड सादळलेत म्हणे. मी खाल्ला तर मला बरा लागला, पण यांच्यापुढं कोण बोलणार. पाठवू नकोस आता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी येतो म्हणालेला रंगनाथ दुपारी आला. द्वारकेच्या पुलाजवळ त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हात बरा आहे, तोंडाला मात्र ब्रेक नाही. बॉनेट उघडलं, दोन वायरी काढल्या, भोंग्याला लावल्या, भोंगा भॉक करून ओरडला. परत जागेवर जोडल्या, पुन्हा करडू.

मला म्हणाला, "मावशी, हॉर्न एकदम ओके आहे. पण त्याला अर्थच नाही."

मी म्हटलं, "बाबा, या घरात कुणाच्या बोलण्याला अर्थ आहे? एकट्या हॉर्नला कशाला नावं ठेवतोस?"

"तसला अर्थ नाही हो! अर्थ म्हंजे अर्थिंग. करंट बॅटरीतून निघतो, हॉर्नमध्ये जातो, काम करतो आणि गाडीच्या पत्र्यातून परत घरी येतो. ह्याचा घरी यायचा रस्ताच कुठंतरी बंद पडलाय."

"म्हणजे गेला तो गेला. सकाळी येतो म्हणून तुझ्यासारखा."

तो लाजला नाही. उलट म्हणाला, "आणि एक गंमत सांगू का? ह्या गाडीचा अर्थ उलटा आहे. सगळ्या गाड्यांचा पत्रा मायनसला असतो, हिचा प्लसला. जुन्या विलायती गाड्या अशाच."

मग बरोबर ठिकाणी नांदायला आली की! काल मी यांना विचारलं, "भाजीत मीठ कमी आहे का?" तर हे म्हणाले, "मी कुठं झोपलोय?" उलटा अर्थ काढणारे दोघे एका छपराखाली.

रंगनाथ दिवे लागेपर्यंत वायरी ओढत बसला. रस्ता कुठं बंद आहे ते काही सापडलं नाही. पोहे मात्र सगळे सापडले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काही विशेष नाही. कारभारी दिवसभर गाडीखाली. जेवायला या, जेवायला या, म्हणून घसा कोरडा पडला माझा. एक नाही, दोन नाही. मग रविराजनं एकदाच "आप्पा!" म्हटलं, तर लगेच पाय हलले. लेकाचा आवाज जाड, बापावर गेलेला. बायकोच्या आवाजाला या घरात भाव नाही. आणि हर्षालीनं हाक मारली तरी तेच. सुनेच्याही आवाजाला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

एक रविवार संपला.

रंगनाथ आज एक पितळी पिपाणी घेऊन आला, ट्रकची. म्हणाला, "आप्पा, अर्थाबिर्थाच्या भानगडीत पडूच नका. ही बसवतो. थेट आडगाव नाक्यापर्यंत ट्रॅफिक साफ."

यांना असा राग आला! "ती काय वाळूची गाडी हाय? उद्या तू माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ बसवशील."

मी म्हटलं, "बसव रे बाबा. माझी बसव. म्हणजे मी काय सांगते ते तरी यांना कळेल."

शेजारच्या कमळाबाई कुंपणावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मालनबाई, तुमच्या कारभाऱ्यांना हल्ली गर्व झालाय का? परवा मी 'रामराम भाऊ' म्हटलं, तर माझ्याकडे न बघता गेले." मी म्हटलं, "गर्व कसला? माझ्याकडे बघून तरी कुठं थांबतात?"

पण खरं सांगू का योगिनी, हे हल्ली सगळ्याच गोष्टींना नावं ठेवतात. कुकरची शिट्टी बिघडलीय म्हणाले, नवी आणली, तीही बिघडलेलीच निघाली म्हणे. मारुतीच्या देवळातली छोटी घंटा चिरकली म्हणे. पाटावरच्या बाभळीत सुगरणी राहिल्या नाहीत, औषधं फवारून मेल्या म्हणे. अगं, मला तर पहाटे त्यांच्या कलकलाटानं झोप लागत नाही! माणूस म्हातारा झाला की त्याला जगात काही धड दिसत नाही.

मी हे सांगत होते तर हर्षालीचं पेन थांबलं. माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही आई. शिट्टी, घंटा, सुगरणी... पुढं सांगा."

पुढं काय, तूच सांग म्हटलं. सांगितलं नाही. शिकलेल्या माणसांचं हे असं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!

आणि कसं सापडलं ते ऐक. रंगनाथ बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता आणि मी ओट्यावर बसून तव्याचा नवा घेतलेला दांडा शिव्या देत खरवडत होते. वरून रंग दिलेला, त्यामुळे स्क्रू आत बसेना. रंगनाथ माझ्याकडे बघत राहिला. मग उठला आणि भोंगे ज्या पट्टीवर बसतात ती पट्टीच खोलून काढली. पट्टीखाली काय? हिरवाकंच, जाड, चकचकीत रंग. आणि ते नटबोल्टही रंगवलेले. रंगाऱ्यानं काही न खोलता वर-खाली-आत-बाहेर फवारा मारलेला. त्या रंगातून बिचारा करंट पत्र्यापर्यंत पोचणार कसा?

"बघा मावशी," रंगनाथ म्हणाला, "रंग चढला आणि अर्थ गेला."

मी म्हटलं, "माणसांचंही तसंच असतं. तू खरवड आधी."

कारभारी स्वतः खाली बसले, पॉलिश पेपर घेऊन. पारशीबाबांची गाडी, दुसऱ्याला हात लावू देतील का? पट्टीखालचा पत्रा चांदीसारखा होईपर्यंत घासत राहिले. रविराज बाजूला उभा होता, तोंड एवढंसं करून. रंग त्यानंच दिलेला ना. मी काही बोलले नाही. फक्त जाता जाता म्हटलं, "रंग छान आहे हो रविराज. आतपर्यंत पोचलाय."

पट्टी रविवारी बसवायची. नवे नटबोल्ट आणायला रंगनाथ गेलाय. कारभारी आज दोन भाकरी जास्त जेवले. उद्यापासून चहाचं आधण वेळेवर पडेल, या आनंदात मी तुझ्या वडिलांना माफ केलं. कशाबद्दल ते आठवत नाही. बघ, तुझं वारं मलाही लागलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

हर्षाली, सावकाश लिही.

रंगनाथनं पट्टी बसवली. रविराज समोर उभा राहिला, हाताची घडी घालून, जसा काही परीक्षकच. मी आणि हर्षाली ओट्यावर. कमळाबाई कुंपणावर. कारभारी गाडीत बसले, टोपी नीट केली आणि मधलं बटण दाबलं.

अगं, काय वाजला! तारेवरचे पारवे एकदम उडाले. कमळाबाईंच्या म्हशीनं दावं तोडलं. जाड आणि बारीक, दोन्ही, एकात एक मिसळून, अगदी पहिल्यासारखे. मला एकदम रविराज पोटात असतानाचा दिवस आठवला, गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हाचा. रविराजनं कानांवर हात ठेवले आणि हसायला लागला. "बास आप्पा, बास! पास!"

आणि कारभाऱ्यांनी हात काढला, परत दाबला, मान वाकडी केली आणि रंगनाथला म्हणाले, "जाड वाजला. बारीक कुठंय?"

रंगनाथ म्हणाला, "आप्पा, दोन्ही वाजले की!"

"नाय वाजला. नुसता जाड हाय. बारीक मेलेलाच हाय अजून."

"अहो आप्पा, बारकाच तर कानात घुसतोय..."

रविराजचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. यांनी पुन्हा दाबला. पुन्हा पारवे उडाले. हे वाट बघत बसले होते गं. आत्ता येईल, मग येईल, अशी.

कुकर. घंटा. सुगरणी. कमळाबाईंचा रामराम. टेम्पो. पापड. सगळं एका ओळीत माझ्यासमोरून गेलं. आणि मी. माझा आवाज तर किती बारीक आहे! लग्नात भटजी म्हणाले होते, 'नवरी बोलते की बांगडी वाजते.'

रविराज तोंड उघडणार, तेवढ्यात मी ओरडले, "नाहीच वाजला बारीक! मला पण नाही आला ऐकू. रंगनाथ, काय काम करतोस रे, पोहे खायला येतोस का नुसता?"

रंगनाथ माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मीच खुळी झालेय. रविराज आत निघून गेला. कमळाबाईंना माझा राग आला असणार, म्हैस त्यांची सुटली होती.

एवढी वर्षं मला वाटायचं, हे ऐकत नाहीत. हर्षाली, 'ऐकत नाहीत' आणि 'ऐकू येत नाही', हे वेगवेगळं लिहितात ना?

२५ नोव्हेंबर, सोमवार

खात्री करून घ्यायची ठरवली. उगाच चांगल्या माणसावर आळ नको.

सकाळी कारभारी गाडीशी वाकून बाजूचा गोल आरसा पुसत होते. मी गुपचूप मागं जाऊन उभी राहिले, हाताच्या अंतरावर. साध्या आवाजात म्हटलं, "चहा घेता का?" काही नाही. "तुमच्या टोपीवर कावळा बसलाय." काही नाही. मग जरा धीर आला. "तुमची आई मला फार छळायची," म्हटलं. पुसणं चालूच. मग मला सोडवेना. एवढी मोकळीक बाईला कधी मिळते? भरल्या घरात, उजेडात, नवऱ्याच्या पाठीमागं उभं राहून वाट्टेल ते बोलायची! सासूबाईंचं झालं, नणंदेचं झालं, त्या हिरव्या सवतीचं झालं. आणि सगळं संपल्यावर, जे लग्नापासून एकदाही म्हणायला जमलं नव्हतं, तेही म्हणून टाकलं.

काय ते लिहू नकोस, हर्षाली. नाही, सांगणारही नाही. पुढं लिही.

यांना काही ऐकू गेलं नाही. तेवढं मात्र झालं की आरसा पुसता पुसता हात थांबला, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले, पाठमोरे. डोळ्यांत पॉलिश गेलं असावं. फडक्यानं डोळे पुसत होते.

मला मात्र दिवसभर सुचेना काही. गप्प बसले तर गाडी राहते, भोंगा रविराजनं पास केलाय. रविराजलाही अजून पुरतं कळलेलं नाही, कळलं असलं तरी बापाला तोंडावर विचारायची हिंमत त्याच्यात नाही. पण हे उद्या द्वारकेला गेले, आणि मागून टेम्पो किंचाळला तर? आणि बोलले तर गाडी विटांवर. ही गाडी विटांवर गेली की मागोमाग हेही खाटेवर जाणार, हे मला देवळातल्या देवापेक्षा जास्त कळतं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

किल्ली मी घेतली. पदराच्या गाठीत बांधली.

हे चिडले. "किल्ली दे."

मी समोर उभी राहिले, तोंडासमोर तोंड, आणि सावकाश म्हटलं, "आधी कान, मग किल्ली."

हात मागं घेतला. मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"रविवारी. तुम्हाला?"

"मला व्हय? लय दिवस झाले. पन खरं सांगू का, पयल्यांदा घरातच ध्यानात आलं नाय. तुझं बोलनं ऐकू येत नाय हे कळायलाच येक वर्ष गेलं. मला वाटलं, तू सुधारलीस."

हसू आलं मला. रडूही आलं, पण ते यांना दाखवलं नाही.

"मग बोललात का नाही?"

"तुझं तोंड बघून कळतंय की समदं. ओठ हलले की समजतं. पाठमोरी असलीस की मात्र आंधारच." मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "कानात यंत्र घातलं की म्हातारा ठरलो. मग गाडी गेली, मग बाजार गेला. मग रव्या म्हननार, आप्पा, तुमी बसा. बसायला जनम घेतलाय का मी?"

"नाही घातलं म्हणून तरणे ठरलात का? ऐका, म्हणजे बघा माझ्याकडे. तुमच्या भोंग्याचं काय झालं होतं? भोंगा चांगला, करंट चांगला, मधे रंग बसला होता, म्हणून अर्थ पोचत नव्हता. खरवडलात की नाही? मग तसंच हेही."

"हा उलटा अर्थ लावतीयेस तू."

"गाडी तुमची, अर्थ पण तुमच्याच गाडीसारखा."

संध्याकाळी ताटावर हे स्वतःच म्हणाले, "रव्या, माझा कान गेलाय." रविराजनं घास खाली ठेवला. मला वाटलं, आता लॉन्सवाल्याचं नाव काढणार. पण त्यानं बापाच्या ताटात आमटी वाढली, खाली मान घालून, इतकी वाढली की ताटाबाहेर वाहिली.

३ डिसेंबर, मंगळवार

कॉलेज रोडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. काचेच्या खोलीत बसवलं यांना, कानावर डबे लावले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. बटण म्हटल्यावर कारभारी खूश. हॉर्नसारखं धरून बसले.

बाई म्हणाल्या, "आजोबांना जाड आवाज बऱ्यापैकी येतात, बारीक येत नाहीत. वयानं होतं असं." मी म्हटलं, "बाई, आमच्या मेकॅनिकपेक्षा तुमचं निदान लवकर झालं." थोडा मळही निघाला. मी यांना हळूच म्हटलं, "हा तुमचा हिरवा रंग." त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि डोळे वटारले.

मग यंत्र लावलं. शेंगदाण्याएवढं आहे. बाईंनी काहीतरी फिरवलं आणि मला म्हणाल्या, "आजी, बोला काहीतरी."

योगिनी, जन्मभर माझं तोंड बंद झालं नाही आणि त्या वेळी शब्द सुचेना. शेवटी म्हटलं, "अहो, टोपी वाकडी झालीय."

हे दचकले. माझ्याकडे बघत राहिले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आवाज जरा कमी करता येतोय का?"

७ डिसेंबर, शनिवार, चंपाषष्ठी

चार दिवस हे घरात चोरासारखे फिरत होते. भांडं वाजलं की दचकायचे, नळ सोडला की वर बघायचे. पहाटे बाभळीखाली जाऊन उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "सुगरनी हायेत अजून." जशा काही त्याच परगावी गेल्या होत्या.

आज वांग्याचं भरीत, रोडगे, तळी भरून झाली. मग रविराजनं माझ्याकडे हात पसरला. "आई, किल्ली." मी गाठ सोडली. त्यानं किल्ली बापाच्या हातात दिली आणि तिथंच उभा राहून लॉन्सवाल्याला फोन लावला. "दादा, गाडी मिळणार नाही. नाही, नाही, पैशाचं काही नाही. तिचा नवरदेव अजून तयार आहे." मग बापाला म्हणाला, "एकट्यानं नाही पण. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी हवं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तुला ठाऊक आहे, म्हणजे तू विसरलीस, की मी या गाडीत एकदाच बसले होते, पहिल्याच दिवशी. वळणावर पदर उडाला तो डोक्यावरून थेट मागं, आणि दारात सासूबाई! त्यानंतर मी तिच्याकडे पाय करून झोपलेसुद्धा नाही. पण आज हर्षालीनं तिचा स्कार्फ दिला आणि स्कुटीवरच्या पोरींसारखा तोंडाला गुंडाळला. नुसते डोळे बाहेर. कमळाबाईंनी ओळखलंच नाही. कारभारी कुणाला घेऊन चालले म्हणून कुंपणापर्यंत धावत आल्या.

गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं आहे. उठताना मला रविराज आणि हर्षाली दोघांनी उपसलं. पण वारा काय छान लागतो गं! हे मला कुणी सांगितलं कसं नाही? सांगितलं असेल म्हणा. यांनी दर वर्षी सांगितलं असेल. मीच ऐकलं नसेल.

द्वारकेला गेलो. चौकात मागून टेम्पो किंचाळला. मी यांच्या हाताला हात लावणार, तेवढ्यात यांनी आरशात बघितलं, चाक फिरवलं आणि कडेला झाले. टेम्पो गेला. योगिनी, तारीख लिहून ठेव. आज तुझे वडील कुणासाठी तरी सरकले.

परत येताना पाटाच्या वळणावर यांनी हॉर्न दिला. एकदा. दोनदा. दोन्ही भोंगे, जाड आणि बारीक. मग थांबले, आणि तिसऱ्यांदा वाजवला.

मी म्हटलं, "तिसरा कशाला?"

"सोबत पाहुनी हाय."

घरी पोचलो तर हर्षालीनं खरंच एक कप जास्त मांडला होता. यांनी पोळीच्या डब्यामागून तुझे पापड काढले, मी बाजूला टाकलेले. स्वतः निखाऱ्यावर भाजले. तुकडा मोडला आणि थांबले. परत मोडला. कानाजवळ नेऊन मोडला. अख्खा पापड मोडून चुरा केला, खाल्ला नाहीच. म्हणाले, "सादळलेले नव्हते गं."

मग हर्षाली कप विसळायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाले, "त्या दिवशी गाडीमागं उभी ऱ्हाऊन शेवटचं जे म्हनालीस, ते परत म्हन."

मी म्हटलं, "तुम्हाला कुठं ऐकू आलं होतं?"

"आरशात तुझं तोंड दिसत व्हतं की. पन ते नुसतं बघितलं. ऐकायचं राह्यलंय."

म्हणजे सासूबाईंचं आणि नणंदेचंही सगळं दिसलं असणार! मी म्हटलं, "पापड खा." पण मग म्हटलं ते. किती जणींना दुसऱ्यांदा म्हणायला मिळतं. हर्षाली, तू आत होतीस, तुला ऐकू आलं नाही, असं लिही.

योगिनी, ही वही उद्या सकाळी वणीला गडावर शेवंती घेऊन तुझ्या दारावरून जाणाऱ्या आपल्या टेम्पोत देते. टेम्पो रिकामा परत पाठवू नकोस. मागं मी पापड नको म्हणाले होते ते तेवढं मात्र विसर, तुला जमेल. नागलीचे पापड पाठव, पत्र्याच्या मोठ्या डब्यात, झाकण घट्ट लावून. आणि तुझ्या सासूबाई भाजून देते म्हणाल्या तर देऊ देऊ नकोस. कच्चेच पाठव. इथं भाजू आम्ही, आवाज ताजा लागतो.